लिहिल्याने मन हलकं होतं, पण वाफ जाऊन नव्हे

"मनातलं सगळं कागदावर ओतून टाका, मोकळं वाटेल." रोजनिशी लिहायचा सल्ला देणारा जवळजवळ प्रत्येक जण हे वाक्य म्हणतोच. त्यामागचं चित्र कुकरचं आहे. मनात वाफ कोंडते, लिहिलं की शिट्टी होते, दाब उतरतो. सल्ला बऱ्याच अंशी बरोबर आहे, चित्र मात्र साफ चूक आहे. आणि चित्र चुकलं की कृतीही चुकते. वाफ काढायला बसलेला माणूस रोज तोच संताप त्याच शब्दांत उतरवतो आणि महिन्याभरात वही बंद करतो, कारण डोकं आधीपेक्षा जास्त तापलेलं असतं.

या वाफेची प्रयोगशाळेत परीक्षा झालेली आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवण्यात आलं. त्यांनी लिहिलेल्या निबंधांवर झोंबणारे शेरे मारून ते परत दिले. मग एका गटाने शेरे मारणाऱ्याचा चेहरा मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे हाणले, दुसऱ्याने व्यायाम म्हणून हाणले आणि तिसरा गट काहीही न करता दोन मिनिटं बसून राहिला. शेवटी सर्वांत चिडलेले निघाले ते पहिल्या गटातले. सर्वांत कमी आक्रमक होते नुसते बसून राहिलेले.

मग लिहिण्याचा जो काही फायदा होतो तो कशाने?

या विषयातला पहिला महत्त्वाचा प्रयोग १९८६ सालचा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर लिहायचं होतं. त्यांतल्या एका गटाने फक्त काय घडलं ते, दुसऱ्याने फक्त काय वाटलं ते, तिसऱ्याने दोन्ही. पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या त्या दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. नुसती हकिगत पुरली नाही, नुसता भावनांचा उमाळाही पुरला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. क्लेशदायक प्रसंगावर लिहिणाऱ्यांचा रक्तदाब लिहून होताच वाढलेला होता आणि मन खट्टू झालेलं होतं. वाफ जाऊन दाब उतरत असता तर हे उलटं दिसायला हवं होतं.

उत्तराचा मोठा भाग वर्किंग मेमरीत आहे, असं मला वाटतं. या घडीला जे डोक्यात धरून आपण काम करतो ती ही स्मृती. फोन नंबर टिपेपर्यंत लक्षात ठेवणं, वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याची सुरुवात न विसरणं, ही तिची कामं. तिची जागा फार थोडी असते. एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात. न सुटलेली काळजी या चारांतली एखाददुसरी जागा कायमची अडवून बसते, आणि आपण म्हणतो, "हल्ली लक्षच लागत नाही."

ही अडलेली जागा मोजता येते. पडद्यावर एक गणित येतं: (४ × २) − ३ = ५, बरोबर की चूक? उत्तर दिलं की एक शब्द दिसतो. मग पुन्हा गणित, पुन्हा शब्द. अशा चारपाच जोड्या झाल्या की सगळे शब्द क्रमाने सांगायचे. गणित करता करता किती शब्द धरून ठेवता आले, ती तुमची क्षमता. क्लाइन आणि बोल्स या संशोधकांनी २००१ मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या ७१ विद्यार्थ्यांवर ही चाचणी वापरली. ३५ जणांनी कॉलेजात आल्यावर मनात जे विचार आणि भावना उसळल्या त्यांवर लिहिलं, ३६ जणांनी किरकोळ विषयावर. सात आठवड्यांनी पहिल्या गटाची क्षमता जास्त वाढलेली होती. त्यातही ज्यांच्या लिखाणात कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढले, त्यांची अधिक. दुसऱ्या प्रयोगात कटू अनुभवावर लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नको असताना घुसणारे विचारही कमी झाले.

हे घडतं कसं, ते नीट पाहू. घोळणारी काळजी वाक्यांत नसते. ती तुकड्यांत असते: कुणाचा तरी चेहरा, कानात बसलेलं एक बोलणं, पोटातला गोळा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी सुरू होते आणि शेवटाला न पोचता पुन्हा फिरते. लिहायला घेतलं की भाषा तिच्यावर अटी घालते. वाक्याला कर्ता लागतो, क्रियापदाला काळ लागतो. हात मनापेक्षा हळू चालतो, म्हणून एका वेळी एकच गोष्ट पुढे सरकते. आधी काय, मग काय, हे ठरवावंच लागतं. शिवाय लिहिलेलं कागदावर राहतं, ते डोक्यात धरून ठेवायची गरज उरत नाही, आणि मोकळी झालेली जागा पुढचा दुवा शोधायला मिळते. असे दुवे जुळून हकिगत तयार झाली की सुटे वीस तुकडे एका गाठोड्यात बांधले जातात. स्मृती ते एकच वस्तू म्हणून ठेवते. आठवण पुसली जात नाही, तिने अडवलेली जागा कमी होते.

याला भावनेला नाव देण्याची जोड मिळते. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूचं चित्रण करताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगितली तेव्हा धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डलाची हालचाल कमी झाली, कपाळामागच्या उजव्या बाजूच्या एका भागाची वाढली. चेहऱ्याला माणसाचं नाव दिलं तेव्हा हा परिणाम तेवढा दिसला नाही. म्हणून "कसंतरी होतंय" यापेक्षा "अपमान वाटला", "मत्सर वाटला" हे शब्द जास्त कामाचे.

आता परिणाम किती मोठा, याबद्दल. हा भाग थोडा रूक्ष आहे, पण तो गाळला की विज्ञानाची जाहिरात होते. १९९८ मध्ये जोशुआ स्मिथ यांनी १३ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणामाचं माप ०.४७ आलं. म्हणजे दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक हा माणसामाणसांत एरवी असणाऱ्या तफावतीच्या निम्म्याला टेकला. २००६ मध्ये जोअॅन फ्रॅटारोली यांनी १४६ अभ्यास घेतले, न छापलेलेही धरून. याच मापात उत्तर आलं सुमारे ०.१५. याचा अर्थ असा करा: लिहिणाऱ्यांतला एक आणि न लिहिणाऱ्यांतला एक माणूस चिठ्ठी टाकून उचलला, तर लिहिणारा बरा निघण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ५४. नाणेफेकीत ती ५० असते. पेन, कागद आणि तासाभराच्या खर्चात चार टक्क्यांची आघाडी वाईट नाही. मात्र "लेखनाने आजार बरे होतात" असं छातीठोक सांगणाऱ्याला हा आकडा जरूर दाखवावा.

तेवढ्यात आणखी दोन गोष्टी झटकून टाकू. हवी ती गोष्ट सकाळी ३ वेळा, दुपारी ६ वेळा, रात्री ९ वेळा लिहिली की मिळते म्हणे. विश्व अर्ज स्वीकारत नाही. उलट गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या संशोधनात असं दिसलं, की इच्छा पूर्ण झाल्याचं नुसतं रंगवलं तर प्रयत्नांची ऊर्जा घटते. अक्षराच्या वळणावरून स्वभाव ओळखण्याचा धंदाही तसलाच. तुमचं अक्षर गिचमिड असेल तर खुशाल असू द्या.

प्रत्यक्ष कृती अशी. १५ ते २० मिनिटांचा गजर लावा. सलग तीन किंवा चार दिवस, एकाच विषयावर. विषय असा निवडा की जो न बोलावता डोक्यात येतो. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही लिहा. हात थांबवू नका, शुद्धलेखन सोडून द्या, काही सुचेनासं झालं तर शेवटची ओळ पुन्हा लिहा. कुणी वाचणार नाही याची खात्री हवी. वाचक डोळ्यांपुढे आला की माणूस लगेच वकिली करू लागतो. तिसऱ्या दिवसापासून एक प्रश्न जोडा: हे असं का झालं असावं? लिहून झाल्यावर तासभर उदास वाटू शकतं, म्हणून हे काम झोपायच्या तोंडावर किंवा महत्त्वाच्या भेटीआधी नको. एखाद्या विषयाच्या नुसत्या विचाराने तोल जाईल असं वाटलं, तर तो विषय एकट्याने वहीत उघडू नका. त्याला प्रशिक्षित समुपदेशक लागतो.

चौथ्या दिवशी पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. "कारण", "त्यामुळे", "आता कळतं", "तेव्हा लक्षात आलं नाही" असे शब्द वाढले का? पेनेबेकर यांच्या विश्लेषणात फायदा झालेल्यांच्या लिखाणात असे शब्द दिवसागणिक वाढत गेले. पहिल्याच दिवशी ज्यांची कारणमीमांसा तयार होती, त्यांना तेवढा लाभ नाही. दुसरी खूण दृष्टिकोनाची. "मी" वरून "ती", "आम्ही", पुन्हा "मी" अशी ये-जा दिसते का? मराठीत यासाठी नुसते "मी" मोजून भागत नाही, तो "गेलो", "सांगितलंच नाही" यांत लपलेला असतो. क्रियापदं तपासा. आणि पहिल्या पानावरची वाक्यं चौथ्यावर जशीच्या तशी असतील, तर ते लेखन नव्हे, चघळणं आहे. थांबा.

चघळणाऱ्या स्वभावाच्या लोकांसाठी ही सूचना गंभीर आहे. डेव्हिड स्बारा यांच्या गटाने २०१३ मध्ये नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्यांवर हा प्रयोग केला. सारखा अर्थ शोधत बसणारे लोक भावनांवर लिहून मागेच पडले. दिवसभरात काय काय केलं याची कोरडी नोंद लिहिणारे त्याच स्वभावाचे लोक सावरले. अशांनी कोरडी नोंदच लिहावी.

किंवा कविता करावी, तीही बांधलेली. मुक्तछंदाला माझा विरोध नाही, पण इथे अक्षरसंख्या मदत करते. मोठ्या अभंगाचा साचा घ्या: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. समजा सांगायचं आहे, "मला निकालाची भीती वाटते." यातलं "मला भीती वाटते" एवढंच सात अक्षरांचं झालं, चरणात बसत नाही. मग मोडतोड सुरू होते. "मला" काढावं लागतं, "वाटते" काढावं लागतं, आणि हाती येतं असं काहीतरी:

भीती निकालाची
उशाशी बसली
जागत राहिली
माझ्यासवे

मूळ वाक्यात भीती आपल्या आत होती. इथे ती उशाशी बसलेली दुसरी कुणीतरी झाली. अंतर पडलं, ते ठरवून नव्हे, एक अक्षर जास्त होतं म्हणून. बंधनामुळे पहिला, सवयीचा शब्द नाकारला जातो आणि शोध पुढे ढकलला जातो. कल्पना सुचण्याच्या प्रयोगांत १९५० च्या दशकापासून दिसत आलेली गोष्ट हीच, की सुरुवातीची उत्तरं सगळ्यांची सारखी असतात, वेगळी उत्तरं उशिरा येतात. उपमा हवी असेल तर दहा लिहा आणि पहिल्या पाच बिनदिक्कत खोडा. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरा: "माझ्यासवे" चार अक्षरांचं आहे. यमकासाठी अर्थ वाकवावा लागला तर यमकाचा शब्द बदलण्यापेक्षा आधीचा चरण नव्याने बांधा. बहुतेक नवखे नेमके उलट करतात आणि ओळ लंगडते.

लिहिणं आणि दुरुस्ती एका बैठकीत करू नका. २०१५ मध्ये सियुआन लिऊ आणि सहकाऱ्यांनी कवी आणि नवखे यांचे मेंदू कविता करताना तपासले. रचना सुचत असताना मेंदूच्या नियंत्रण करणाऱ्या भागांचा जोर ओसरतो, दुरुस्तीच्या वेळी तो परत येतो. मुरलेल्या कवींत हा ओसर जास्त होता. पहिल्या ओळीपासून खाडाखोड करणारा परीक्षकाला वेळेआधी बोलावतो. मध्ये किमान एक रात्र जाऊ द्या.

मात्र कविता केली की मन निरोगी राहतं असा नियम नाही. आत्महत्या केलेले नऊ आणि न केलेले नऊ कवी यांच्या सुमारे ३०० कवितांच्या तुलनेत पहिल्यांच्या लिखाणात "मी" अधिक आढळला. त्यांच्याकडे कविता होतीच, तिने त्यांना राखलं नाही.

झोपण्यापूर्वीचं लेखन हा वेगळाच प्रकार आहे. मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या प्रयोगात ५७ जणांनी दिवे घालवण्याआधी पाच मिनिटं लिहिलं. पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी करणारे, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. "अहवाल" नव्हे, "अहवालाचं दुसरं प्रकरण तपासून पाठवणं" असं लिहायचं.

सुखाच्या क्षणांबाबत मात्र हात आखडता घ्या. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगांत आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या प्रसंगाची कारणं उलगडत लिहिणाऱ्यांपेक्षा तो प्रसंग मनात नुसता पुन्हा अनुभवणारे अधिक समाधानी राहिले. दुःखाला कारण सापडलं की ते आटोपतं, आनंदाचंही तसंच होत असावं.

लिहिलेली पानं ठेवायची की फाडायची, हे कशासाठी लिहिलं त्यावर अवलंबून. नकोसे विचार कागदावर लिहून तो कागद कचऱ्यात टाकला तर त्या विचारांचा पगडा कमी होतो, आणि जपून खिशात ठेवला तर वाढतो, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. पण तुलनेसाठी पहिलं पान चौथ्या दिवसापर्यंत हवंच. तोवर कुलपात ठेवा, नंतर हवं तर फाडा. कविता झाली असेल तर तेवढी उतरवून घ्या.