निरीश्वरवादाचे ख्रिस्ती खंडन

ईश्वर नाही, किंवा तो आहे असे मानण्यास पुरेसा आधार नाही, या मताच्या पुष्ट्यर्थ मांडल्या जाणाऱ्या युक्तिवादांना ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेली उत्तरे.

मराठी भाषकांत या खंडनाचा आरंभ नेमका कोठे धरावा, हे ठरवणे सोपे नाही. ख्रिस्ती झालेले मराठी लेखक बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे नाव प्रथम सुचते. तथापि त्यांच्या काळातील मिशनरी वाङ्मयाचा रोख मुख्यतः मूर्तिपूजा, पुराणे आणि रूढी यांवर होता. ईश्वर नाकारणाऱ्या पक्षाशी थेट सामना नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे (१८२५–९५) यांच्या षड्दर्शनदर्पण (१८६०) या ग्रंथात आढळतो. त्यात सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाच्या निरीश्वर मताचा परामर्श घेतलेला आहे. ग्रंथ हिंदीत आणि कर्ता काशीत वाढलेला, त्यामुळे त्याला मराठी परंपरेत सैलपणेच बसवावे लागते. गोरे यांचा पुढे पुण्यातील पंचहौद मिशनशीही संबंध आला. म्हणजे येथील खंडनाचा पहिला प्रतिपक्ष सांख्यांचा होता, युरोपीय नव्हता, असे म्हणणे सयुक्तिक ठरते. गोपाळ गणेश आगरकरांना (१८५६–९५) काहीजण निरीश्वरवादी म्हणतात. अज्ञेयवादी (ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा) ही संज्ञा त्यांना अधिक लागू पडते. विसाव्या शतकात श्रीराम लागू यांनी मात्र ईश्वरकल्पना उघडपणे नाकारली.

ईश्वराविरुद्धच्या युक्तिवादांत सर्वांत प्रबळ दुःखाचा. सर्वशक्तिमान व परमदयाळू ईश्वर आणि जगातील दुरित (दुष्टता व दुःख) यांत तार्किक विसंगती आहे, असे तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये मांडले. त्यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅल्विन प्लँटिंगा यांचे उत्तर असे : इच्छास्वातंत्र्य असलेला माणूस कधीच चुकणार नाही याची हमी ईश्वरालाही देता येत नाही, कारण हमी दिली की स्वातंत्र्य उरत नाही. विसंगतीचा आरोप याने बव्हंशी निष्प्रभ झाला. पण पुण्यातील १८९७ च्या प्लेगसारखी साथ कोणाच्या इच्छास्वातंत्र्याचे फळ, हा प्रश्न राहतोच. निरीश्वरवादी तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी (१९७९) वणव्यात होरपळून अनेक दिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण दिले; ते दुःख कोणी पाहत नाही, त्यातून कोणी काही शिकत नाही. जग ही आत्म्याच्या घडणीची जागा आहे, हे ख्रिस्ती तत्त्वज्ञ जॉन हिक यांचे उत्तर येथे तोकडे पडते. ईश्वराची कारणे मानवी बुद्धीला दिसलीच पाहिजेत असे नाही, हा बचाव तर्कदृष्ट्या टिकतो, समाधान मात्र कमी देतो.

मराठी श्रोत्यापाशी या प्रश्नाचे उत्तर तयार असते : प्रारब्ध. ख्रिस्ती प्रतिपादकाला ते घेता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) जन्मांध माणसाबाबत शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. पूर्वकर्माची वाट अशी बंद झाल्याने दुःखाचा प्रश्न ख्रिस्ती मतात अधिक धारदार होतो. उत्तराचा भार अखेर येशूच्या रूपाने क्रुसावर दुःख सोसणाऱ्या ईश्वराच्या सहवेदनेवर येतो.

निसर्गनियमांनी सारे उलगडते, मग ईश्वर कशाला, हा आक्षेप तेराव्या शतकात ख्रिस्ती ईश्वरविद्यापंडित थॉमस अक्वायनसने स्वतःच नोंदवला होता. नियम मुळात का आहेत, हा ख्रिस्ती प्रतिप्रश्न. विस्तारणाऱ्या विश्वाची कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ झॉर्झ लमेत्र हे धर्मगुरू होते, हा दाखला नेहमी दिला जातो. त्याने विज्ञान व धर्म यांत विरोध असल्याचा समज ढळतो, ईश्वर सिद्ध होत नाही. ईश्वर ही मनाची निर्मिती, या जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखच्या मताला कल्पनेच्या उगमावरून तिची सत्यासत्यता ठरत नाही, असे उत्तर दिले जाते.

पुण्यात ख्रिस्ती ईश्वरविद्येच्या उच्च शिक्षणाची दोन प्रमुख केंद्रे आहेत : श्रीलंकेतील कँडीहून १९५५ मध्ये आलेली, नगर रस्त्यावरील कॅथलिक संस्था (पुढे ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ओळखली गेलेली) आणि यवतमाळहून १९८३ मध्ये बिबवेवाडीस आलेली प्रॉटेस्टंट युनियन बिब्लिकल सेमिनरी.