खाऱ्या पाण्यात ओझोन टिकतो किती?

प्रवाळांची टाकी घरात ठेवणाऱ्याला ओझोनायझर (ओझोन वायू बनवणारं यंत्र) विकताना हमखास सांगितलं जातं, ‘ऑक्सिजनपेक्षा एक अणू जास्त, मासे एकदम ताजेतवाने!’ अणूंची मोजणी बरोबर आहे, बाकी सगळं थाप. तो तिसरा अणू सुटायला टपलेलाच असतो आणि जे समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करतो. माशाचे कल्ले आणि आपली फुप्फुसं त्यातून सुटत नाहीत. (तुळस ओझोन सोडते, हा व्हॉट्सॲपवरचा लाडका दावा. खरंच सोडत असती, तर पहिली तिचीच पानं करपली असती. जमिनीलगतचा ओझोन पिकांची पानं डागाळतो, हे शेतीशास्त्राला चांगलं ठाऊक आहे.)

मग असला वायू टाकीत सोडायचा कशाला? मुख्यतः पिवळेपणा घालवायला. टाकी काही महिने चालली की पाणी पिवळसर होतं. समोरून ते कळत नाही. एका टोकाला पांढरी प्लेट धरा आणि दुसऱ्या टोकाकडून लांबीत बघा, म्हणजे दिसेल. उरलेलं खाद्य, शेवाळ, प्रवाळांचा चिकट स्राव हे सगळं कुजून मोठाले सेंद्रिय रेणू तयार होतात. त्यांच्यात एकाआड एक दुहेरी बंध असतात आणि ते निळा प्रकाश गिळतात. प्रवाळाच्या पेशीत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला नेमका तोच प्रकाश लागतो. ओझोन या दुहेरी बंधांवरच घाव घालतो. बंध तुटले की रंग गेला.

खरी गंमत मात्र पुढेच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड, म्हणजे ब्रोमीनचा आयन, असतं. गोड्या पाण्यात ओझोन काही मिनिटं तग धरतो. खाऱ्या पाण्यात ब्रोमाइड त्याला गाठतं आणि दर पाच-सात सेकंदांनी तो निम्मा होतो. ओझोन सोडतात तो स्किमरमध्ये, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या उपकरणात. त्याच्या फेसातून बाहेर पडेपर्यंत त्याचा बहुतेक खेळ संपलेला असतो. ब्रोमाइडचं मात्र हायपोब्रोमस आम्ल झालेलं असतं, तेही जंतू मारणारं आणि रंग उडवणारं. ते एखाद्या सेंद्रिय रेणूचं ऑक्सिडीकरण करतं आणि बहुतेक वेळा परत ब्रोमाइड होऊन पुढच्या ओझोनला सामोरं जातं. म्हणजे ब्रोमाइड हा यातला दलाल: माल ओझोनचा, पोचवणारा हा. पाण्यात अमोनिया असेल तर आम्लापासून ब्रोमामाइन बनतात. ओझोन फारच झाला तर ब्रोमेट बनतं, आणि ते ॲक्टिव्हेटेड कार्बनलाही (पाणी शुद्ध करायच्या खास कोळशालाही) सहजी दाद देत नाही.

टाकीतल्या जिवांना धोका आहे तो मुख्यतः या मागे उरलेल्या ब्रोमीनच्या संयुगांचा. म्हणून स्किमरमधून निघालेलं पाणी ॲक्टिव्हेटेड कार्बनवरून नेल्याशिवाय टाकीत सोडायचंच नाही. कार्बनच्या पृष्ठभागावर हायपोब्रोमस आम्लाचं पुन्हा निरुपद्रवी ब्रोमाइड होतं.

ओझोनची मात्रा ठरवायला ओआरपी मीटर (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ओढ मिलिव्होल्टमध्ये मोजणारं) लावतात. आकडा ३५० ते ४०० मिलिव्होल्टच्या दरम्यान ठेवायचा आणि त्यापुढे गेला तर मशीन आपोआप बंद होईल अशी सोय करायची. पण तो आकडा म्हणजे ओझोनचं प्रमाण नव्हे. पाण्याची एकूण ऑक्सिडीकरणाची ओढ तेवढी त्यातून कळते. शिवाय मीटरच्या पाण्यात बुडवलेल्या टोकावर (प्रोबवर) बुळबुळीत थर साचला की आकडा चुकतो. खरा ४५० असताना मीटर ३३० दाखवत असेल, तर कंट्रोलर इमानेइतबारे ओझोन सोडतच राहील.

मशीनची मूळ कल्पना जुनी आहे: वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये केलेली. दोन इलेक्ट्रोडमध्ये काच ठेवायची, उच्च दाबाची वीज द्यायची आणि फटीतून हवा सोडायची. ही हवा कोरडी हवी. दमट असेल तर ओझोन कमी बनतो आणि नळीत नायट्रिक आम्ल जमतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्याशिवाय हे यंत्र चालवणं म्हणजे पैसे पाण्यात. जेलचे दाणे रंग बदलू लागले की ओव्हनमध्ये वाळवून घ्यायचे.

माझं मत विचाराल तर दोनशे लिटरच्या टाकीला यातलं काहीच लागत नाही. कार्बन वेळेवर बदलला आणि पाण्याचा काही भाग नेमाने बदलत राहिलात, तर पिवळेपणा तसाही आटोक्यात राहतो. तरी ओझोनायझर घ्यायचाच असेल, तर स्किमरच्या हवेच्या वाटेवरही कार्बन ठेवा. खोलीत तिखट वास आला तर आधी मशीन बंद करायचं, मग खिडक्या उघडायच्या. त्या वासाला नाक लवकर सरावतं, म्हणून ‘आता येत नाही’ म्हणून पुन्हा चालू करू नका. गळती कुठे आहे ते आधी शोधा.