गरोदरपणात मासा: लहान घ्या, बर्फातला घ्या

दिवस गेले की कोल्हापुरातल्या काही घरांत मासा ताटातून जातो. कारण एकच, ‘उष्ण पडतो’. हा सल्ला चुकीचा आहे. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए हे स्निग्धाम्ल लागतं. आपलं शरीर ते फार थोडं बनवतं, आणि बांगडा-तारलीत ते भरपूर असतं.

जपायचं ते पाऱ्यापासून. पाण्यातले जीवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत ते वर्षानुवर्षं साठत जातं. ते मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेलं असतं, त्यामुळे कातडी काढा, कोकम लावा की कुरकुरीत तळा, कमी होत नाही. वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) ओलांडून ते बाळापर्यंत पोहोचतं. आईच्या शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच सुमारे ५० दिवस लागतात, म्हणून मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच मुशी म्हणजे शार्क (मालवणात मोरी) बंद करावी. मोठ्या सुरमईचे काप आठवड्यातून फार तर एकदा. बांगडा, तारली, पापलेट, कोळंबी, रोहू मात्र आठवड्यातून दोन-तीनदा खावेत, दर वेळी साफ केलेला कच्चा मासा साधारण ११५ ग्रॅम.

कोल्हापूरला दर्याचा मासा घाट चढून येतो, तेव्हा खरा प्रश्न बर्फाचा. बांगडा-सुरमईला वाटेत ऊब लागली की जीवाणू मांसात हिस्टामाईन तयार करतात, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. ‘उष्ण पडला’ म्हणतात त्यातलं काही हेच असू शकतं. म्हणून बर्फात पुरलेलाच मासा घ्या. कल्ले लाल, डोळे फुगीर हवेत, बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. पिशवीतही बर्फ मागून घ्या आणि त्याच दिवशी शिजवा.

जाड काप मोठ्या आचेवर तळले तर रवा लाल होतो आणि काट्याजवळ मांस कच्चं राहतं. आच मंद ठेवा. मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं पाहिजे, म्हणजे आत ६३ अंश सेल्सिअस. सुशी आणि फ्रीजमधला धुरी दिलेला तयार मासा नकोच: लिस्टेरिया हा जीवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि त्यामुळे गर्भपात होऊ शकतो. उरलेलं कालवण वाफा येईपर्यंत उकळूनच वाढा. रक्तदाब वाढलेला असेल तर खारवलेला सुका मासा टाळा. कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या मनानं घेऊ नका; त्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भाला व्यंग येऊ शकतं.