ड्रम कोर : नव्या वाद्यांच्या मान्यतेचा प्रश्न

ड्रम कोर हा पितळी फुंकवाद्ये, तालवाद्ये आणि निशाणे फिरवणारे ‘कलर गार्ड’ पथक यांनी मिळून मैदानावर संचलन करीत सादरीकरण करणारा, प्रामुख्याने अमेरिकेत रुजलेला वाद्यवृंदाचा प्रकार आहे. महाराष्ट्रातील ढोल-ताशा पथकांशी त्याचा संबंध नाही; त्याचे मूळ लष्करातील इशारतीच्या बिगुलात आणि कवायतीच्या ढोलात आहे. कोणती वाद्ये वापरता येतील हे येथे स्पर्धेचे नियम ठरवतात, आणि नियमांत नवे वाद्य सामावून घ्यावे की नाही यावर गेली अनेक दशके वाद चालू आहे. या कलेचा इतिहास मोठ्या प्रमाणात या वादाचाच इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या माजी सैनिकांच्या संघटनांनी अशी पथके उभी केली. सुरुवातीच्या बिगुलाला झडप (व्हॉल्व्ह) नव्हती, त्यामुळे वादकाला केवळ ओठांच्या ताणावर निघणारे मोजकेच स्वर मिळत आणि पूर्ण सुरावट वाजवणे शक्य नसे. पुढे ‘जी’ स्वरातील बिगुलाला एक झडप बसवण्याची मुभा मिळाली आणि तिच्या जोडीला फिरती झडप (रोटर) आली. दोन्ही मिळूनही काही स्वर निसटतच, म्हणून संगीतरचनाकार तेवढे स्वर चुकवून रचना बांधत. युवक पथकांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या ड्रम कोर्स इंटरनॅशनल (डीसीआय) या संस्थेने १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली, आणि त्यानंतर नियम ठरवण्याचे काम माजी सैनिकांच्या संघटनांकडून स्वतः पथकांच्या हाती आले. १९७७ मध्ये दोन आणि १९९० मध्ये तीन उभ्या झडपांचे बिगुल मान्य झाले. तीन झडपांनी सर्व स्वर वाजू लागल्यावर नाव तेवढे बिगुलाचे राहिले. यंत्रणा ट्रम्पेटचीच होती.

इ. स. २००० च्या हंगामापासून ‘जी’ स्वराची सक्ती उठली आणि पथके ‘बी फ्लॅट’ व ‘एफ’ स्वरांतील सर्वसाधारण वाद्यांकडे वळली. ‘जी’ बिगुलाचा कणखर, काहीसा उग्र नाद गेल्याची खंत जुने श्रोते आजही व्यक्त करतात. त्या खंतीत तथ्य असले, तरी या बदलामागचे मुख्य कारण व्यावहारिक होते. ‘जी’ बिगुल ड्रम कोरखेरीज जवळजवळ कोणीच वापरत नसे. मोजके कारखाने ते बनवत आणि जुने झालेले वाद्य घेणारा गिऱ्हाईक मिळत नसे. ‘बी फ्लॅट’ वाद्ये मात्र शाळांच्या बँडला हंगाम संपताच विकता येतात, त्यामुळे पथकांना दरवर्षी नवी वाद्ये घेणे परवडू लागले. वादकालाही शाळेत शिकलेलीच बोटांची ठेवण चालू लागली.

तालवाद्यांच्या बाबतीत बदल आणखी खोलवर गेले. पूर्वी टिंपनी आणि झायलोफोनसारखी वाद्येही खांद्यावरच्या पट्ट्यांनी अंगावर वागवीत वादक चालत असत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवण्यास परवानगी मिळाली, आणि ‘पिट’ नावाने ओळखला जाणारा स्थिर विभाग तयार झाला. मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे) यांसारखी काठ्यांनी वाजवायची मोठी वाद्ये त्यामुळे आली. पण त्यांच्यासमोर अडचण होती ती शेकडो फूट पसरलेल्या प्रेक्षागृहाची. मागे डझनावारी पितळी वाद्ये एकाच वेळी गर्जत असताना मरिंबाचे लाकूड ऐकू जावे म्हणून वादक कडक टोकाच्या काठ्यांनी जोरात आघात करीत. त्यात वाद्याचा मऊ, घुमारा असलेला स्वर हरवे आणि उरे तो केवळ खटखटाट. ध्वनिवर्धनाचा प्रस्ताव अनेकदा फेटाळला गेल्यावर अखेर २००४ च्या हंगामापासून पिटला आणि मानवी आवाजाला मायक्रोफोन मिळाला. तेव्हापासून मऊ काठ्या, चार काठ्यांचे नाजूक वादन, दोन स्वरांमधला हलका झुकाव हे सारे प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू लागले. या नियमाचा लाभ निःसंशय आहे.

२००९ पासून सिंथेसायझर व इतर इलेक्ट्रॉनिक वाद्ये मान्य झाली, आणि तेथून वादाचे स्वरूप बदलले. ध्वनिवर्धनाने आधी असलेले वाद्य ऐकू येऊ लागले होते. सिंथेसायझरने मात्र मैदानावर कोणीही वाजवत नसलेला आवाज आणला. खर्जातला सिंथेसायझरचा स्वर ट्यूबांच्या (खर्जात वाजणाऱ्या मोठ्या पितळी वाद्यांच्या) संपूर्ण ताफ्याखाली सरकवला, की ऐकणाऱ्याला ताफाच भारदस्त वाटतो. त्यातले किती श्रेय ट्यूबा वाजवणाऱ्यांच्या श्वासाचे आणि किती स्पीकरचे, हे परीक्षकालाही वेगळे करणे कठीण जाते. उलट बाजूने पाहिले तर ओहायो राज्यातील कँटन येथील ब्लूकोट्स या पथकाने २०१४ च्या ‘टिल्ट’ या कार्यक्रमात पितळी वाद्यांच्या घसरत्या स्वराला इलेक्ट्रॉनिक घसरणीची जोड देऊन, नुसत्या फुंकवाद्यांनी साधला नसता असा परिणाम घडवला. त्याच वर्षी नियम शिथिल होऊन ट्रम्बोन, फ्रेंच हॉर्न यांसह कोणतेही पितळी वाद्य वापरण्याची मुभा मिळाली. ट्रम्बोनच्या प्रवेशाने अनेकांना वाटलेली भीती मात्र खरी ठरली नाही. ते बहुतेक एकल वादनापुरते आणि ठरावीक प्रसंगांपुरतेच दिसते, कारण संचलन करताना त्याची पुढे सरकणारी नळी आजूबाजूच्या वादकांना अडचणीची ठरते.

क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी ही वाद्ये मात्र अजून बाहेरच आहेत. बंदीच्या बाजूने दोन युक्तिवाद होतात. पहिला वेगळेपणाचा : शाळा-महाविद्यालयांच्या मार्चिंग बँडमध्ये ही वाद्ये असतातच, मग ती येथेही आली तर ड्रम कोर आणि मार्चिंग बँड यांत उरणारा फरक वयाचा आणि कसरतीचा असेल. दुसरा ध्वनीचा : या वाद्यांचा आवाज मोकळ्या मैदानात पितळी वाद्यांपुढे टिकत नाही. २००४ नंतर दुसऱ्या युक्तिवादात फारसा जीव राहिलेला नाही, कारण मायक्रोफोन लावला की तोही प्रश्न मिटतो. समर्थकांचा मुद्दा वादकांविषयीचा आहे : सॅक्सोफोनवर तयारी केलेल्या मुलाला या कलेत यायचे तर पितळी वाद्य नव्याने शिकावे लागते, किंवा कलर गार्डमध्ये अथवा तालवाद्यांत जावे लागते.

नव्या वाद्याला सरसकट विरोध करणाऱ्यांची बाजू इतिहास पाहता दुबळी आहे. ज्याला ते ‘मूळ’ ड्रम कोर म्हणतात, तो बहुधा त्यांच्या तरुणपणीच्या नियमांचा ड्रम कोर असतो, आणि त्या नियमांनाही आधीच्या पिढीने नाके मुरडली होती. तरीही सर्व बदल एका मापाने मोजणे योग्य नाही. झडपा, स्वरबदल आणि ट्रम्बोन यांनी वादकाच्या श्वासाला व हाताला अधिक वाव दिला, तर इलेक्ट्रॉनिक खर्जाने काही प्रमाणात त्यांची जागा घेतली. प्रत्येक प्रस्तावाला लावण्याची कसोटी हीच असायला हवी.

नियमबदलाचे प्रस्ताव हिवाळी बैठकीत मांडले जातात. प्रशिक्षकांचे मत आजमावल्यावर सदस्य पथकांचे संचालक अंतिम मतदान करतात. प्रेक्षकांना त्यात मत नाही. आजच्या नियमांनुसार पिटमधला कळफलक वाजवणारा वादक बासरीसारखा आवाज काढू शकतो, प्रत्यक्ष बासरी घेऊन मात्र त्याला मैदानात उतरता येत नाही.