शॉर्ट सेलमधील सेटलमेंटची कागदपत्रे

घरावर थकलेले कर्ज घराच्या बाजारभावापेक्षा जास्त असेल आणि बँक कमी रक्कम घेऊन गहाणाचा बोजा उतरवायला तयार झाली, तर त्या विक्रीला अमेरिकेत शॉर्ट सेल म्हणतात. २००७ नंतर तिथे घरांच्या किमती कोसळल्या तेव्हा ही पद्धत देशभर रुळली. व्यवहार पुरा होण्याच्या टप्प्याला क्लोजिंग आणि त्या वेळी मांडल्या जाणाऱ्या पैशांच्या हिशेबाला सेटलमेंट स्टेटमेंट म्हणतात. हा हिशेब टायटल कंपनी (मालकी हक्क तपासून त्याचा विमा देणारी) किंवा एस्क्रो कंपनी (व्यवहाराचे पैसे त्रयस्थ म्हणून सांभाळणारी) करते. मॅसॅच्युसेट्स, जॉर्जियासारख्या राज्यांत हे काम वकिलांचे.

एरवीच्या विक्रीत हिशेब शेवटी होतो. शॉर्ट सेलमध्ये तो सुरुवातीलाच लागतो, कारण सगळे खर्च वजा जाता हाती किती पडणार हे पाहूनच बँक होकार देते. विक्रेत्याचे अडचणीचे पत्र, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रे आणि खरेदी करार यांच्या जोडीला अंदाजी स्टेटमेंट पाठवावे लागते ते यासाठीच. समजा, ३,८०,००० डॉलर पहिले कर्ज असलेले घर ३,००,००० डॉलरना विकले जात आहे. त्यातून दलाली १८,०००, कर, टायटल विमा व नोंदणी मिळून ७,००० आणि त्याच घरावर दुसरे कर्ज दिलेल्या कर्जदात्याला ६,००० डॉलर गेले, तर पहिल्या बँकेला २,६९,००० मिळतात. विक्रेत्याच्या रकान्यात शेवटी शून्य यावे लागते.

बँक मान्यता देते ती मंजुरीपत्राने. किमान निव्वळ रक्कम, दलालीची मर्यादा, दुसऱ्या कर्जदात्याचा वाटा आणि क्लोजिंगची शेवटची तारीख त्यात लिहिलेली असते. अंतिम स्टेटमेंट या पत्राशी ओळीनओळ जुळवून क्लोजिंगआधी बँकेकडून पुन्हा मंजूर करून घेतात. तारीख लांबली की मालमत्ता कराचा विक्रेत्याच्या वाट्याचा भाग रोज वाढतो आणि बँकेची रक्कम तितकी घटते. ती तूट दलालीतून किंवा खरेदीदाराच्या पैशातून, तीही बँकेच्या संमतीने, भरून काढतात. नाहीतर नवे मंजुरीपत्र मागावे लागते. अनेक व्यवहार इथेच अडतात. म्हणून अंदाजी स्टेटमेंटमध्ये कर, सोसायटीची थकबाकी आणि पाणीपट्टी पहिल्यापासून चोख धरणे हीच खरी तयारी.

दुसऱ्या कर्जदात्याच्या वाट्यावर बँका कमाल मर्यादा घालतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या २०१० ते २०१६ या काळातील हाफा योजनेत (घर जप्त होण्याऐवजी शॉर्ट सेलसारखा पर्याय देणाऱ्या) ती सुरुवातीला सर्व दुय्यम कर्जदात्यांना मिळून ६,००० डॉलर होती. मर्यादेबाहेरची रक्कम स्टेटमेंटबाहेर गुपचूप देणे ही बँकेची फसवणूक ठरते आणि तो फौजदारी गुन्हा आहे. विक्रेता व खरेदीदार नातेवाईक किंवा भागीदार नाहीत आणि कोणताही छुपा करार नाही, असे प्रतिज्ञापत्रही सर्वांना सही करून द्यावे लागते.

पूर्वी हा हिशेब हड-१ नावाच्या फॉर्मवर मांडत. ३ ऑक्टोबर २०१५ पासून गृहकर्जाच्या बहुतेक व्यवहारांत त्याची जागा क्लोजिंग डिस्क्लोजरने घेतली. हा कागद खरेदीदाराच्या हाती व्यवहाराच्या किमान ३ कामकाजी दिवस आधी पडावा लागतो, त्यामुळे मंजुरीपत्राची मुदत संपता संपता घाई करण्याला वाव उरलेला नाही.

उरलेले कर्ज माफ झाले की नुसताच बोजा उतरला, हे विक्रेत्याने मंजुरीपत्रात शब्दशः वाचलेच पाहिजे. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून, संमती दिलेल्या बँकेला निवासी घराच्या शॉर्ट सेलनंतर उरलेली रक्कम मागायला मनाई केली. सर्व राज्यांत असे संरक्षण नाही.

नोकरी संपवून भारतात परतलेल्या आणि करदृष्ट्या अनिवासी झालेल्या मराठी घरमालकांना आणखी एक कागद लागतो. परदेशी विक्रेत्याच्या किमतीतून साधारणपणे १५ टक्के कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. शॉर्ट सेलमध्ये विक्रेत्याला काहीच मिळत नसल्याने हे पैसे आणायचे कुठून, हा पेच पडतो. त्यासाठी ८२८८-बी हा अर्ज क्लोजिंगच्या दिवसापर्यंत अमेरिकेच्या महसूल खात्याकडे करून कपात कमी करण्याचा दाखला मागतात. किंमत ३,००,००० डॉलरपर्यंत असून खरेदीदार स्वतः तिथे राहणार असेल, तर कपातच लागत नाही. सह्यांसाठी अमेरिकेला जाणे जमत नसेल, तर मुंबईतील अमेरिकन वकिलातीत नोटरीची वेळ घेऊन कुलमुखत्यारपत्र करता येते. मात्र त्याचा मसुदा टायटल कंपनीकडून आधी मान्य करून घ्यावा लागतो.