खेकडा पोकळ का निघतो?

मासळी बाजारात ओळखीची मावशी असेल, तर ती खेकडा उलटा धरते, पायाचं जाड पेर अंगठ्याने दाबून बघते आणि कवच दबलं की तो परत टोपलीत टाकते. "हा नको, पोकळ हाय." अमावस्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण या पोकळपणाचं मूळ शोधायला आधी कवचाकडे बघायला हवं.

खेकडा, कोळंबी, शेवंड आणि इवलासा जवळा हे सगळे संधिपाद प्राणी, म्हणजे सांध्यासांध्यांच्या पायांचे. त्यांचा सांगाडा अंगाच्या बाहेर असतो. कायटिन नावाच्या चिवट पदार्थाला खेकड्यात कॅल्शियम कार्बोनेटची जोड मिळते आणि चिलखत तयार होतं. अडचण एवढीच, की एकदा टणक झालेलं चिलखत तसूभरही वाढत नाही. मग मोठं व्हायचं तर सापासारखी कात टाकायची.

डोळ्यांच्या दांड्यांमधून पाझरणारं एक संप्रेरक एरवी ही कात रोखून धरतं. तो अटकाव सुटला की तयारी सुरू होते. जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम शरीर परत ओढून घेतं. आत नवं, मऊ, सुरकुतलेलं कवच धरू लागतं. डेंग्यांतलं, म्हणजे पुढच्या नांग्यांतलं, मांससुद्धा आक्रसतं, नाहीतर ते अरुंद सांध्यातून बाहेर निघणार कसं? मग खेकडा पाणी शोषून फुगतो, पाठीमागची शिवण उसवते आणि तो उलट्या पावली बाहेर येतो. कल्ल्यांवरचं अस्तर, डोळ्यांवरचं आवरण, इतकंच काय, पोटात अन्न दळणारे दातही जुन्या कवचाबरोबर जातात. मला या साऱ्या खटाटोपात सगळ्यात थक्क करतात ते हे दात.

बाहेर आलेला खेकडा लोण्यासारखा मऊ असतो. तो आणखी पाणी भरून घेतो आणि त्या फुगलेल्या मापावरच नवं कवच कडक होतं. घर मोठं झालं, पण आत अजून पाणीच. त्या जागी मांस भरायला वेळ लागतो. मावशीच्या अंगठ्याला कळतं ते हेच.

खाडीतल्या, खारफुटीच्या चिखलातल्या चिंबोरी या खेकड्याचा संसारही कातेशी बांधलेला आहे. मादी कात टाकून मऊ झाली की मीलन होतं. त्याआधी काही दिवस नर तिला पोटाखाली धरून फिरतो. तुटलेला डेंगाही पुन्हा येतो, पण कात टाकतानाच, आणि पहिल्या खेपेला लहानसाच.

रूपही कातेबरोबर पालटतं. अंड्यातून निघालेलं खेकड्याचं पिल्लू, झोइया, इतकं वेगळं दिसतं की 1802 मध्ये बॉस्क या फ्रेंच अभ्यासकाने त्याला वेगळाच प्राणी समजून नाव दिलं. तो खेकड्याचाच बालपणीचा अवतार आहे, हे जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरने आयर्लंडमधल्या कॉर्क इथे दाखवून दिलं. 1830 मध्ये त्यानेच बार्नेकलचंही कोडं सोडवलं. खडकांना आणि होड्यांच्या तळाला चिकटणारे, पायाला खरचटवणारे ते पांढरे सुळके तोवर शिंपल्यांचे भाऊबंद मानले जात. त्यांची पिल्लं मात्र कोळंबीच्या कुळातली निघाली. पुढे डार्विनने या बार्नेकलवर आठ वर्षं घालवली. बार्नेकल जन्मभर डोक्यावर उभा राहून पायांनी अन्न ओढतो. त्याच्या बाहेरच्या चुनखडी पाट्या कडेकडेने वाढत राहतात, पण आतलं अंग कात टाकतच असतं.

ओडिशाच्या किनाऱ्यावरचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा खेकडा तर खरा खेकडा नव्हेच, तो जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या (कोळीष्टकवाल्या किड्याच्या) कुळाला जवळचा. त्याचं रक्त तांब्यामुळे निळसर. तोही कात टाकतो, पण पुढची कड फाडून, सरळ पुढे चालत.

वाळूवर अखंड, पण पिसासारखा हलका खेकडा दिसला तर तो उचलून पाठीमागची कड बघा. ती उसवलेली असेल आणि आत काहीच नसेल, तर तो मेलेला खेकडा नाही. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टोप्याही तशाच राहिलेल्या दिसतील.