सॉरी नेमकं कशाबद्दल?

दर वर्षी २६ मे रोजी ऑस्ट्रेलियात ‘सॉरी डे’ पाळतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही शाळेत त्याबद्दल ऐकतात. ही माफी कशाची, हे समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

१९०५ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्याने एक कायदा केला. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक ॲबोरिजिनल, म्हणजे मूलनिवासी, मुलाचा पालक आता ‘चीफ प्रोटेक्टर’ हा सरकारी अधिकारी. आईबाप हयात असले तरी! न्यू साउथ वेल्सने १९१५ मध्ये ॲबोरिजिनल मुलं कोर्टाच्या आदेशाशिवाय उचलण्याची मुभा मूलनिवासींसाठी नेमलेल्या आपल्या सरकारी बोर्डाला दिली. मुख्य डोळा होता गोऱ्या बापांच्या मिश्रवर्णी मुलांवर. ‘शुद्ध’ मूलनिवासी हळूहळू संपतील आणि उजळ वर्णाचे गोऱ्यांत मिसळून जातील, असा हिशेब होता. १९३७ मध्ये कॅनबेराला जमलेल्या अधिकाऱ्यांनी तो रीतसर ठरावात मांडला. आपल्याकडे मूल उजळ निघालं की घर खूश होतं. तिथे सरकारी माणूस येताना दिसला की आया उजळ लेकरांच्या अंगाला कोळसा फासायच्या.

नेलेल्या मुलींना कूटामंड्राच्या ‘होम’मध्ये घरकाम शिकवून गोऱ्यांकडे मोलकरणी म्हणून धाडत. मुलग्यांसाठी १९२४ पासून किंचेला इथलं ‘होम’ होतं. तिथे मुलांना नावाने नव्हे, नंबराने हाक मारत. आपली भाषा बोललं की शिक्षा.

एवढ्याने मुलाचं काय होतं, हे एका खटल्यात कागदोपत्री सिद्ध झालं. १९५७ च्या नाताळात तेरा महिन्यांच्या ब्रूस ट्रेव्होरोचं पोट बिघडलं. वडिलांकडे गाडी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांनी त्याला ॲडलेडच्या इस्पितळात नेलं. तो बरा झाला, आणि पंधरा दिवसांच्या आत मूलनिवासींच्या सरकारी खात्याने आईबापांना न विचारता एका गोऱ्या कुटुंबाकडे सोपवला. काही महिन्यांनी आईने पत्र लिहून विचारलं, बाळ कसं आहे, घरी कधी आणता येईल? उत्तर आलं की प्रगती चांगली आहे, पण डॉक्टर अजून घरी सोडायला तयार नाहीत. मूल तेव्हा इस्पितळात नव्हतंच. मारहाणीच्या कहाण्यांपेक्षा मला हे सभ्य भाषेतलं पत्र जास्त भयंकर वाटतं.

ब्रूस लहानपणीच स्वतःचे केस उपटू लागला. दहाव्या वर्षी त्याला आईकडे परत पाठवलं, पण तोवर ती त्याला परकी झाली होती. तिथेही तो रुजला नाही आणि पुढे सरकारी संस्थांत गेला. मोठेपणी नैराश्य आणि दारू. त्याची भावंडं मात्र त्याच गरिबीत, पण आपल्या माणसांत वाढली होती, आणि बरीच सावरलेली होती. न्यायालयाने ही तुलना ध्यानात घेतली. २००७ मध्ये त्याला सव्वापाच लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. असा दावा जिंकणारा तो पहिलाच. मुलं अशी उचलण्याचा अधिकार खात्याला नाही, हा कायदेशीर सल्ला सरकारदरबारी १९४९ पासूनच होता, हेही खटल्यात उघड झालं. पुढच्याच वर्षी ब्रूस वारला.

त्याआधी १९९७ मध्ये अशा उचललेल्या मुलांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल संसदेत मांडला गेला होता, तारीख २६ मे. १९१० ते १९७० या काळात मूलनिवासींच्या दर दहा मुलांतलं किमान एक, कदाचित दर तिनांतलं एक मूल घरापासून तोडलं गेलं, असा त्याचा अंदाज. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सरकारच्या वतीने माफी मागायचं नाकारलं. ती केविन रड यांनी संसदेत मागितली, १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

ते कायदे आता नाहीत. पण आजही ऑस्ट्रेलियात सरकारी देखरेखीखाली घराबाहेर ठेवलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मुलं मूलनिवासींची आहेत, आणि एकूण मुलांत त्यांचं प्रमाण जेमतेम सहा टक्के.